दाराची काच : तळेगावच्या भट्टीपासून चाकणच्या भट्टीपर्यंत

पुण्याच्या इतिहासावरचं व्याख्यान म्हटलं की शनिवारवाडा, प्लेगची साथ, पानशेतचा पूर, नाहीतर टिळक-आगरकर वाद, एवढीच अपेक्षा असते. आज मी मोटारीच्या दाराच्या काचेवर बोलणार आहे. पण टिळक येणार आहेत, काळजी करू नका. (हशा)

हा विषय का निवडला ते आधी सांगतो. गेली काही वर्षं पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी इतक्या वेळा येते, की आपण ती वाचायचंही सोडून दिलं आहे. रात्री दोन-तीन दुचाक्यांवरून टोळकं येतं, हातात कोयते असतात, आणि रस्त्याकडेला लावलेल्या दहा-वीस गाड्यांच्या काचा फोडून निघून जातं. बिबवेवाडी, येरवडा, सहकारनगर, कुठलंही नाव घ्या. त्या गाड्या बहुतेक कुणाच्या असतात? ज्यांना सोसायटीचं पार्किंग नाही त्यांच्या. रिक्षावाल्यांच्या, टेम्पोवाल्यांच्या, ओला-उबर चालवणाऱ्यांच्या. कर्जाचा हप्ता चालू असलेली गाडी. सकाळी उठून बघावं तर सीटवर काचेचे हरभऱ्याएवढे खडे पडलेले, आणि त्या दिवसाचं भाडं गेलेलं.

त्या खड्यांकडे कधी नीट बघितलंय का? घरातली खिडकी फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे होतात, हात कापतो. गाडीच्या दाराची काच फुटली तर सगळी काच एका क्षणात, एकाच वेळी, हजारो बोथट खड्यांत विखुरते. अर्धी फुटली, अर्धी राहिली असं होत नाही. तडा गेला आहे, चार दिवस चिकटपट्टी लावून काढू, हेही जमत नाही. समोरच्या काचेला मात्र तडा जातो आणि ती जागेवर राहते. एकाच गाडीत दोन काचा, आणि दोघींचं वागणं संपूर्ण वेगळं. याला इतिहास आहे. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. साठ-सत्तरच्या दशकात अँबॅसॅडरच्या किंवा फियाटच्या दाराची काच फुटली, तर पेठेतल्या काच कापणाऱ्या दुकानातून तशीच काच कापून बसवता येत असे. आज ते शक्य नाही. का नाही? आजचं व्याख्यान म्हणजे या ‘का नाही’चं उत्तर आहे असं समजा.

सुरुवात काचेपासून नको, काच नसण्यापासून करू. पहिल्या मोटारींना बाजूला काच नव्हतीच. पुढे वारा अडवायला एक काच, वर कापडी टप, आणि पाऊस आला की बाजूने कॅनव्हासचे पडदे लावायचे. त्या पडद्यांत बाहेरचं दिसावं म्हणून अभ्रकाचा किंवा सेल्युलॉइडचा तुकडा शिवलेला असायचा. १९१९ च्या सुमारास अमेरिकेत दहातल्या नऊ मोटारी अशाच उघड्या होत्या. विसाचं दशक संपेपर्यंत प्रमाण नेमकं उलटं झालं, दहातल्या नऊ बंद. ज्यांना पडद्याची मोटार बघायला मिळाली नाही असं वाटतं त्यांनी पावसाळ्यात बाहेर जाऊन कुठलीही रिक्षा बघावी. आकुर्डीला बजाजने एवढ्या रिक्षा बनवल्या, मीटर बदलले, इंजिनं बदलली, सीएनजी आला, पण बाजूचा रेक्झिनचा पडदा १९१० च्या मोटारीचाच राहिला. रिक्षा ही आपल्याकडची शेवटची उघडी मोटार आहे. आणि काच नसल्यामुळे तिची बाजूची काच कुणी फोडू शकत नाही, समोरचीच फोडतात.

बंद मोटारी आल्या तेव्हा दाराला काच आली. सुरुवातीला ती रेल्वेच्या डब्यातल्या खिडकीसारखी चामड्याच्या पट्ट्याने वर ओढायची आणि पट्ट्याचं भोक खुंटीत अडकवायचं. मग हँडल फिरवून वरखाली करायची सोय आली. आता प्रश्न असा, की ही सपाट, स्वच्छ, लाटा नसलेली काच यायची कुठून?

इथे आपण तळेगावला जाऊ.

काच हिंदुस्थानला नवी नव्हती. बांगड्या होत्या, मणी होते, अत्तराच्या कुप्या होत्या. पेशवाईत हंड्या-झुंबरं लागली, ती बाहेरून आली. वाड्यांच्या खिडक्यांना मात्र लाकडी झडपा आणि गज. मोठा आरसा म्हटला की ‘बेल्जियमचा’ हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होता, आणि त्यात फुशारकी होती तेवढंच सत्य होतं. कारण सपाट काचेचा फार मोठा भाग खरोखरच बेल्जियममधून यायचा. म्हणजे खिडकी इथली, उजेड इथला, आणि मधली काच अँटवर्पच्या बंदरातून आलेली.

स्वदेशीच्या चळवळीत हे टोचायला लागलं. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना अशी होती, की प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी धंदे उभे राहावेत. आज ऐकायला भाबडं वाटतं. पण काळे गावोगाव हिंडले, टिळकांनी वजन टाकलं, आणि पैसा फंडातून तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. साल १९०८. ज्या वर्षी टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं, तेच वर्ष. विजापूरकरांचं समर्थ विद्यालयही त्याच तळेगावात होतं. सरकारने ते १९१० मध्ये बंद पाडलं. कारखाना मात्र टिकला. माझा अंदाज असा, की सरकारला शाळेची जेवढी भीती वाटली तेवढी चिमण्यांची वाटली नसावी.

या कारखान्याचे पहिले तंत्रज्ञ ईश्वरदास वार्ष्णेय. हे उत्तर हिंदुस्थानातले. काचकाम शिकायला आधी जपानला गेले, तिथून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. ज्याला आज आपण एमआयटी म्हणतो ती. पुण्यातली नव्हे, मूळची. (हशा) त्याच संस्थेत त्यांच्याही आधी, १८८२ मध्ये, पुण्याचे केशव मल्हार भट शिकायला गेले होते, ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. तर बोस्टनमध्ये शिकलेला माणूस आणि एकेका पैशाने जमलेलं भांडवल, असा तो तळेगावचा मेळ होता.

तळेगावात काय बनायचं? कंदिलाच्या काचा, चिमण्या, बाटल्या. आणि माणसं. कारण तो कारखाना शाळाही होता. तिथे भट्टीवर काम शिकलेली मुलं पुढे देशभर काचेच्या धंद्यात पांगली. आपल्याकडे पुढचं मोठं नाव ओगल्यांचं. कराडजवळ ओगलेवाडी, साल १९१६, जमिनीला औंधच्या पंतप्रतिनिधींचं पाठबळ. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रातल्या कुठल्या घरात नव्हता ते सांगा.

पण लक्षात घ्या, कंदिलाची काच फुंकून होते. नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, फुंकायचा, साच्यात धरायचा. मोटारीच्या दाराची काच फुंकून होत नाही. तिला सपाट तक्ता लागतो. सपाट तक्त्याच्या जुन्या पद्धतीत काचेचं मोठं नळकांडं फुंकायचे, ते उभं चिरायचे आणि भट्टीत उलगडायचे. नंतर बेल्जियमच्या फूर्को यांच्या पद्धतीत वितळलेल्या काचेच्या कुंडातून तक्ता सरळ वर खेचला जाऊ लागला, दुधावरची साय उचलावी तसा. तो सपाट असायचा, पण त्यात लाटा राहायच्या. जुन्या इमारतीत खिडकीतून बघताना समोरचं झाड डोकं हलवलं की पाण्यातल्यासारखं हलतं ना, ती ही काच. गाडीत अशी काच चालत नाही, म्हणून तिथे घासून-पॉलिश करून आरशासारखी केलेली जाड काच लागायची. ती महाग. वार्ष्णेय पुढे तळेगाव सोडून संयुक्त प्रांतात बहजोईला गेले आणि तिथे त्यांनी काचेचे तक्ते बनवण्याचा कारखाना काढला, तो याच ओढीने. चिमण्यांवर त्यांचं समाधान झालं नव्हतं.

मग आपला देशी काचधंदा तेव्हाच का मोठा झाला नाही? इथे एक कोरडी वाटणारी पण मोलाची हकीकत आहे. काचेला वाळू लागते, चुना लागतो आणि सोडा ॲश लागते. सोडा ॲश म्हणजे धुण्याच्या सोड्याचाच भाऊ. ती घातली नाही तर वाळू वितळवायला सतराशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, ते कुणालाच परवडत नाही. १९३२ मध्ये टॅरिफ बोर्डाने सरकारला शिफारस केली, की या धंद्याला आयातशुल्काचं संरक्षण द्या. सरकारने तीन वर्षं विचार केला आणि १९३५ मध्ये नकार दिला. कारण काय दिलं? की तुमच्याकडे सोडा ॲश नाही, तुम्ही ती परदेशातून आणता, म्हणजे तुमचा धंदा खरा देशी नव्हेच. आता वाळू इथली, कोळसा इथला, कामगार इथले, गिऱ्हाईक इथलं. एक घटक बाहेरचा, तर धंदा परका ठरला. हाच न्याय त्यांनी लँकेशायरच्या कापडगिरण्यांना लावला असता, तर तिथे कापूसच पिकत नाही! सोडा ॲशचा प्रश्न सुटायला टाटा केमिकल्सचा मिठापूरचा कारखाना यावा लागला, म्हणजे १९३९ उजाडावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर पन्नाशीच्या दशकात आसनसोलला हिंदुस्थान पिल्किंग्टनची काच बनू लागली, आणि सपाट काच ही हळूहळू हार्डवेअरच्या दुकानातली वस्तू झाली.

आता त्या खड्यांकडे वळू. त्यांची गोष्ट सतराव्या शतकातली आहे. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला, तर शेपटी असलेल्या बेडकाच्या पिलासारखा एक मणी तयार होतो. याचं डोकं हातोड्याने ठोकलं तरी फुटत नाही. पण शेपटी नुसती मोडली, की सगळा मणी भुगा होऊन उडतो. इंग्लंडमध्ये १६६० च्या सुमारास प्रिन्स रूपर्टने हे थेंब राजाला दाखवले, रॉयल सोसायटीच्या मंडळींनी त्यांवर प्रयोग केले, आणि रॉबर्ट हूकने १६६५ च्या आपल्या सूक्ष्मदर्शकाच्या ग्रंथात त्यांचं वर्णन केलं. दोनशे वर्षं ही दरबारी गंमत राहिली.

त्यातलं तत्त्व असं. काच झटकन थंड केली की बाहेरचा थर आधी घट्ट होतो. आतला भाग अजून गरम असतो, तो मागाहून थंड होतो आणि आकसायला बघतो. पण बाहेरचा थर आता हलत नाही. त्यामुळे आतला भाग बाहेरच्याला कायमचा आत ओढत राहतो. बाहेरचा थर दाबाखाली, आतला ताणाखाली. काच फुटते ती पृष्ठभागावरची बारीक चीर उघडल्यामुळे. पृष्ठभागच दाबून धरलेला असेल तर चीर उघडत नाही, म्हणून अशी काच साध्या काचेच्या चार-पाच पट मार सोसते. पण एकदा का चीर आतल्या ताणाच्या भागापर्यंत पोचली, की आत साठलेली सगळी ओढ एकदम मोकळी होते आणि चिरेला फाटे फुटत जातात. त्याचेच हे खडे.

१८७४ मध्ये रॉयर द ला बास्ती नावाच्या फ्रेंच माणसाने तापलेली काच तेलात बुडवून घट्ट करायचं पेटंट घेतलं. पण ती काच कधी कधी कपाटात ठेवल्या ठेवल्या आपसूक फुटायची, त्यामुळे धंदा रंगला नाही. तेलाऐवजी हवेचे झोत दोन्ही बाजूंनी सारखे मारायचे, ही युक्ती जमल्यावर १९३० च्या आसपास सेंट-गोबेन कंपनीची ‘सेक्युरिट’ काच मोटारींत आली. हे नाव लक्षात ठेवा, ते पुण्यात परत भेटणार आहे.

समोरच्या काचेची वाट निराळी. पॅरिसचे एदुआर बेनेदिक्तुस, चित्रकार आणि रसायनज्ञ. १९०३ मध्ये त्यांच्या हातून प्रयोगशाळेतली काचेची कुपी पडली, तडकली, पण विखुरली नाही. आत सेल्युलोज नायट्रेट सुकून त्याचा पातळ पापुद्रा बसला होता, त्याने तुकडे धरून ठेवले. मोटार-अपघातांत काच लागून माणसं जखमी होत होती, त्यावरून त्यांना उपयोग सुचला. दोन काचांच्या मध्ये पापुद्रा, १९०९ चं पेटंट. पहिल्या महायुद्धात ती आधी विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना लागली, मोटारीत नंतर.

म्हणून समोरची काच थरांची, दाराची काच तावून थंड केलेली. ही वाटणी विचारपूर्वक आहे. समोरून दगड आला तर चालकाला पुढचं दिसत राहिलं पाहिजे, आणि माणूस बाहेर फेकला जाऊ नये. बाजूची काच मात्र वेळ पडली तर फोडता आली पाहिजे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर, सहकारनगर भागात माणसं गेली, गाड्या काडीपेटीसारख्या वाहिल्या. पाणी वाढलं की दार उघडत नाही, बाहेरून दाब असतो. पॉवर विंडो बंद पडू शकते. अशा वेळी समोरच्या काचेवर लाथा मारण्यात वेळ घालवायचा नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात, कडेजवळ, टोकदार धातूने मारायचं. मधोमध नाही. पाच-पन्नास ग्रॅमची टोकदार हातोडी मिळते ती डिकीत ठेवून उपयोग नाही, हाताशी हवी. हे विषयांतर झालं, पण ते केल्याशिवाय पुढे जावंसं वाटेना.

आता मूळ प्रश्न. पेठेतला काचवाला दाराची काच का कापून देऊ शकत नाही? कारण तावलेली काच कापताच येत नाही. हिऱ्याची रेघ मारली की तिचे खडे होणार. आधी साधी काच हवी तशी कापायची, कडा घासायच्या, रेग्युलेटरला पकडायची भोकं पाडायची, हवा तो बाक द्यायचा, आणि मग सव्वासहाशे-साडेसहाशे अंशांपर्यंत तापवून झोताखाली थंड करायची. एकदा थंड झाली की तिचा आकार कायमचा. म्हणजे प्रत्येक गाडीच्या प्रत्येक दारासाठी वेगळा साचा, वेगळी काच. अँबॅसॅडर-फियाटच्या काळात दारांच्या काचा जवळजवळ सपाट होत्या. काचवाला कागदावर आकार काढायचा, साधी काच कापायचा, संपलं. ती बसायची उत्तम. अपघात झाला तर मात्र ती सुऱ्यांसारखी फुटायची. जुन्या कारागिरीची आठवण काढताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम शंभरमध्ये, सुरक्षा काचेची सक्ती आहे, आणि ती योग्यच आहे.

बदल झाला तो मारुतीने. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायचे अशी अट होती, आणि जपानी असाही कंपनीच्या भागीदारीत सुरक्षा काचेची कंपनी १९८४ मध्ये निघाली, तीच आजची असाही इंडिया. नव्वदच्या दशकात फ्लोट काच आली. वितळलेल्या कथलाच्या तळ्यावर वितळलेली काच तरंगत सोडायची. गुरुत्वाकर्षण ती आपोआप सपाट करतं, घासायची गरजच नाही. पिल्किंग्टनने ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली होती, आपल्याकडे यायला तीस-पस्तीस वर्षं लागली. आपल्या राज्यात तिचा कारखाना तळोज्याला झाला. आणि सेंट-गोबेन सेक्युरिट आली भोसरी आणि चाकणला. तळेगाव दाभाड्यापासून चाकण किती लांब आहे? वीस-पंचवीस किलोमीटर. पैसा फंडाच्या भट्टीला जे जमलं नाही ते तेवढ्या अंतरावर, ऐंशी-नव्वद वर्षांनी, एका फ्रेंच कंपनीच्या भट्टीत होऊ लागलं. याला स्वदेशी म्हणायचं का, यावर माझं मत असं, की १९३५ चा सरकारी न्याय लावला तर नाही, आणि अंताजी काळ्यांचा लावला तर बहुधा हो. त्यांना काम इथे हवं होतं, हात इथले हवे होते. मालकीचा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो त्यांनी सोडला नसता.

पुण्याची स्वतःची एक काच मात्र सांगितलीच पाहिजे. टाटा सिएरा. १९९१. टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यातून निघालेली. तीन दारं, आणि मागच्या प्रवाशांच्या बाजूला एक प्रचंड, न उघडणारी काच, जी वर जाऊन छपरात वळते. तेव्हा रस्त्यात ती गाडी दिसली की लोक थांबून बघायचे. आतल्या माणसाला आकाश दिसायचं, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये ऊनही. गंमत अशी की देखणेपण जेवढं त्या काचेत होतं तेवढीच अडचणही. मारुती ८०० ची दाराची काच आजही मिळते, कारण गाड्या लाखांनी विकल्या. सिएरा मोजक्या विकल्या गेल्या. तिची ती काच फुटली की साचा नाही, साचा नाही म्हणून काच नाही. मग मालक लोक जुन्या, भंगारात निघालेल्या सिएरा शोधत फिरतात, त्यांची काच शाबूत आहे का बघतात. पुण्यातली वस्तू, पण तिची काच मिळवायला भंगारवाल्याकडे जावं लागतं. २०२५ च्या अखेरीस टाटांनी सिएरा हे नाव परत आणलं, त्या वळणाऱ्या काचेचा नुसता भास ठेवून. पाच दारं केली. मला वाटतं शहाणपण केलं.

वेळ होत आला, दोन-तीन प्रश्न घेऊ.

प्रश्न : काच फुटल्यावर विम्याचा दावा करावा का?

करायला हरकत नाही, पण आधी हिशोब करा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काहीच मिळणार नाही, आणि रस्त्यावर लावलेल्या कितीतरी टॅक्सी-टेम्पोंचा तेवढाच असतो. हे त्या कोयत्याच्या बातमीत कधी छापून येत नाही. पूर्ण विमा असेल तर काचेला घसारा धरत नाहीत. प्लास्टिक-रबराला निम्मा कापतात, काचेला शून्य. पण दावा केला की पुढच्या वर्षीची नो क्लेम बोनसची सूट जाते, आणि ती पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत गेलेली असू शकते. साध्या गाडीची एका दाराची काच त्याहून स्वस्त पडते. समोरची काच किंवा एकदम चार काचा असतील तर दावा परवडतो. पोलिसांत तक्रार मात्र दोन्ही वेळी करा. तक्रारच नसेल तर गुन्हाही नाही.

प्रश्न : काळी फिल्म लावली तर खडे अंगावर येत नाहीत म्हणतात.

खरं आहे, फिल्म खडे धरून ठेवते. पण नियमाप्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान सत्तर टक्के आणि बाजूच्यांतून पन्नास टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर वरून चिकटवलेली फिल्मच नको म्हटलं. पुढे २०२० मध्ये नियमाच्या शब्दांत बदल झाला आणि त्याच्या अर्थावरून पुन्हा न्यायालयात वाद झाले. चौकातल्या हवालदाराशी तो वाद घालून बघा आणि मला कळवा. (हशा)

प्रश्न : नवी काच बसवून घेताना काय बघायचं?

हे इतिहासाच्या माणसाला विचारताय! काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छाप असतो, कंपनीचं नाव आणि मानकाची खूण, तो आहे का बघा. छाप नसलेली काच घेऊ नका. दाराची काच समोरच्या काचेसारखी चिकटवलेली नसते, ती आत रेग्युलेटरला धरलेली असते आणि दोन्ही कडांना रबराच्या चॅनेलमध्ये सरकते. म्हणून काम तासा-दीड तासाचं. मेकॅनिक दाराचं पॅड काढेल, तेव्हा तिथेच उभे राहा. दाराच्या पोटात मूठभर खडे पडलेले असतात. ते व्हॅक्यूमने काढायला लावा, आणि दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती मोकळी करून घ्या. नाहीतर काच नवी, आणि दोन पावसाळ्यांनी दार खालून गंजलेलं. पॅडच्या आत एक प्लास्टिकचा कागद असतो, तो फाडून फेकतात, तो नीट परत चिकटवून घ्या. आणि पॅड बसवायच्या आधी काच दोनदा पूर्ण वरखाली करून बघा.